शाळेसमोरचा रस्ता रुंद करायचा की नीट वाटून घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पश्चिम नागपुरात आमच्या मुलांच्या शाळेसमोर सकाळी आणि शाळा सुटताना रस्ता पूर्ण तुंबतो. उपाय म्हणून रस्ता रुंद करायचा आणि त्यासाठी कडेची झाडे आणि फुटपाथ काढायचा, असा प्रस्ताव असल्याचे कळले. आम्ही वीसेक रहिवासी आणि पालक आहोत. मोटारी कमी व्हाव्यात, बस वाढाव्यात, मुलांना चालत जाता यावे असे आम्हाला वाटते. मोहीम कुठून सुरू करावी?"

आधी घोषणा बदला. "गाड्या कमी करा" असा फलक नागपुरात लावला, तर तो वाचणाऱ्या दहांपैकी बहुतेकांना वाटेल की हे आपल्या स्कूटरवर उठले आहेत. आपल्याकडे 'गाडी' म्हणजे आधी दुचाकी. हुडकेश्वरसारख्या उपनगरातून बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारपेठेत) कामावर येणारी बाई दुचाकी आवड म्हणून चालवत नाही. तिच्या वेळेला बस नसते म्हणून चालवते. तिला विरोधात ढकलले तर मोहीम पहिल्या आठवड्यातच संपते. शिवाय "गाड्या कमी करा" ही मागणी कोणत्याच अधिकाऱ्याला मंजूर करता येत नाही, कारण त्याच्या फाइलमध्ये तसा रकानाच नसतो. त्याला मंजूर करता येते ते एवढेच: अमुक चौकापासून तमुक चौकापर्यंत फुटपाथ १.८ मीटर मोकळा करणे, अमुक वेळेत मोटारींना प्रवेश बंद करणे, अमुक मार्गावर बस दर १५ मिनिटांनी सोडणे. गाड्या कमी होतात त्या अशा मागण्यांच्या परिणामाने. म्हणून मागणी नेहमी जागेची किंवा वेळेची असावी, आणि तिच्यात मीटर, मिनिटे आणि तारीख असावी.

रस्ता कोणाचा?

नागपुरात बरीच निवेदने चुकीच्या दारात पडून राहतात. शहरातले रस्ते महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्यात वाटलेले आहेत. शहराबाहेरच्या पट्ट्यात महानगर प्रदेश विकास प्राधिकरण येते, आणि मेट्रोच्या खांबांखालच्या पट्ट्यात महामेट्रोचाही संबंध येतो. एकाच रस्त्यावर डांबर एकाचे, नाली दुसऱ्याची, सिग्नल तिसऱ्याचा आणि वाहतूक नियमन पोलिसांचे, असेही असते. महापालिकेचे दहा झोन आहेत. तुमचा पत्ता लक्ष्मीनगर किंवा धरमपेठ झोनमध्ये असेल, तर तिथल्या उपअभियंत्याला तोंडी एवढेच विचारा: "हा रस्ता तुमच्या देखभालीत आहे का, आणि रुंदीकरणाची फाइल कोणाकडे आहे?" बहुतेक वेळा उत्तर तिथल्या तिथे मिळते.

तोंडी उत्तर कागदावर आणण्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये करायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि अर्ज एकाच विषयावर व १५० शब्दांच्या आत ठेवायचा. शब्दमर्यादा आणि एक-विषय नियमावर बोट ठेवून अर्ज परत येतात, म्हणून चार गोष्टी हव्या असतील तर चार अर्ज करा. "रुंदीकरण का करता?" असे विचारू नका. 'का' म्हणजे मत, आणि मत देणे कायद्याने बंधनकारक नाही. कागद मागा: रस्त्याचा मंजूर आडवा छेद (रुंदीत कशाला किती मीटर, ते दाखवणारे रेखाचित्र), अंदाजपत्रक, लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यातून, ते), निविदा निघाली असल्यास कार्यादेश (कंत्राटदाराला दिलेला काम सुरू करण्याचा आदेश), झाडे तोडण्याच्या परवानगीचा अर्ज, आणि रुंदीकरणाची गरज ठरवताना केलेली वाहन व पादचारी मोजणी. या शेवटच्या मागणीवर "माहिती उपलब्ध नाही" असे उत्तर आले, तर ते जपून ठेवा. मोजणी न करता रुंदीकरण ठरले, याचा लेखी पुरावा तुमच्या हातात आला. उत्तराला ३० दिवस असतात. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे. दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो, त्यामुळे सगळी भिस्त माहिती अधिकारावर ठेवू नका. बाकीचे काम समांतर चालू द्या.

कायद्याच्या मुदती वेगळ्या वहीत लिहून ठेवा. रुंदीकरणासाठी खासगी जमिनी कापून रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे त्याची कायदेशीर हद्द, ठरवायची असेल, तर महापालिका अधिनियमाच्या कलम २१० प्रमाणे जाहीर सूचना आणि हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो. विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल असेल, तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खालीही एक महिनाच असतो. झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. नोटीस झाडावर चिकटवावी लागते, वर्तमानपत्रात जाहिरातही येते, पण तिथे हरकतीची मुदत दिवसांत मोजायची असते. तुमच्यातल्या एकाने रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरातल्या जाहीर सूचना वाचायच्या, एवढी एकच जबाबदारी घ्यावी. कंटाळवाणे काम आहे, पण झाडे बहुतेक वेळा याच कामाने वाचतात.

वाहने मोजू नका, माणसे मोजा

वाहतूक अभियंत्याची भाषा 'पीसीयू'ची असते, म्हणजे एका मोटारीएवढी जागा हे एकक. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाला असा गुणक दिला आहे: मोटार १, आणि बस एकूण वाहतुकीच्या ५ टक्क्यांपर्यंत असेल तर २.२. या हिशेबात बस म्हणजे दोन मोटारींपेक्षा जास्त अडथळा. आत किती माणसे आहेत ते कुठेच दिसत नाही, आणि पायी जाणारा तर या तक्त्यात नसतोच. त्यामुळे 'पीसीयू'वर आधारलेल्या प्रत्येक अहवालाचे उत्तर एकच येते, रस्ता रुंद करा. मोहिमेला दुसरा तक्ता स्वतः तयार करावा लागतो.

मांडणी कळावी म्हणून काही सोयीचे आकडे घेऊ. एका तासात ४०० मोटारी गेल्या, सरासरी १.६ माणसे धरली, तर ६४० माणसे. १२ बस गेल्या, प्रत्येकीत ३५ प्रवासी, तर ४२० माणसे. मोटारींनी ४०० एकके जागा घेतली, बसनी जेमतेम २६. म्हणजे जागेच्या एका एककामागे मोटारीत १.६ माणसे आणि बसमध्ये जवळपास १६. त्यात ५०० जण पायी आणि १२० जण सायकलने गेले असतील, तर त्यांनी मोटारवाल्यांइतकीच माणसे वाहून नेली, आणि तीही रस्त्याच्या तुटक्या कडेवरून. तुमच्या रस्त्यावरचे खरे आकडे असे मांडा. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच वाहनांऐवजी माणसे हलवण्यावर भर आहे. ते वाक्य तक्त्याच्या डोक्यावर लिहा, म्हणजे तुम्ही सरकारचेच धोरण सरकारला आठवण करून देत आहात हे समोरच्याला लगेच दिसते.

मोजणीची पद्धत सोपी आहे, पण शिस्त लागते. दोन कामाचे दिवस आणि एक शनिवार घ्या. सकाळी शाळा भरण्याआधी एक तासापासून भरल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत, आणि सुटतानाही तसेच. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडा. एका माणसाने फक्त दुचाकी मोजायच्या, दुसऱ्याने मोटारी आणि ऑटो, तिसऱ्याने बस, स्कूल व्हॅन आणि सायकली, चौथ्याने पायी जाणारे. एकाच माणसाला सगळे मोजायला दिले, तर पायी जाणारे हमखास निसटतात. वाहनातली माणसे प्रत्येक दहाव्या वाहनात मोजली तरी पुरते. जवळच्या घराच्या गच्चीवरून मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा. पुढे कोणी आकड्यांवर शंका घेतली, तर पुन्हा मोजून दाखवता येते.

दिवस निवडताना नागपूरचे पंचांग पाहा. पोळा-मारबत, गणपती विसर्जन, दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे दिवस, हिवाळी अधिवेशनाचे आठवडे, या सगळ्या काळात वाहतूक वळवलेली असते आणि आकडे खोटे निघतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि पहिला आठवडा सगळेच पालक दारापर्यंत सोडायला येतात, म्हणून तोही नको. मे महिन्यात दुपारी मोजणी करून "इथे कोणी चालतच नाही" असा निष्कर्ष काढणारे अहवाल निघतात. पारा ४५ च्या वर असताना सावली नसलेल्या फुटपाथवर कोण चालेल? उलट, सावलीच्या आणि बिनसावलीच्या दोन तुकड्यांवर एकाच वेळी पादचारी मोजा. कडेची झाडे ही चालण्याची मूलभूत सोय आहे, शोभा नाही, हे त्या दोन आकड्यांमधून सिद्ध करता येते.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला खडूने ३० मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि मोबाइलचे स्टॉपवॉच लावा. ३.६ सेकंदांत अंतर कापले तर वेग ताशी ३० किलोमीटर, २.७ सेकंदांत ४०, आणि सुमारे २.२ सेकंदांत ५०. मोकळ्या वेळेतली शंभर वाहने मोजा. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ५० चा आघात ३० च्या जवळजवळ पावणेतीनपट. रस्ता रुंद केला की कोंडीची वेळ सोडून उरलेल्या बावीस तासांत हाच वेग वाढतो. पालकांच्या सभेत हे एवढेच सांगा, पुरेसे आहे.

रुंद रस्त्याला उत्तर काय?

"रस्ता रुंद केला की कोंडी सुटेल" यावर तुमचा कितीही अविश्वास असला, तरी "रुंदीकरण नको" एवढेच म्हणून भागत नाही. पर्यायी नकाशा द्यावा लागतो. वर्धा रोडवरचा छत्रपती चौकातला उड्डाणपूल नागपूरकरांना आठवत असेल. वाहतूक सुटावी म्हणून बांधलेला तो पूल मेट्रोसाठी २०१६ मध्ये पाडावा लागला, आणि आज त्या पट्ट्यात वरून मेट्रो धावणारा दुमजली पूल आहे. मोटारींसाठी ओतलेले काँक्रीट कायमचे उत्तर नसते, हे सांगायला शहराबाहेरचे उदाहरण शोधावे लागत नाही. मोकळी झालेली जागा नव्या गाड्यांनी भरते. रुंद रस्ता पाहून जवळचे लोकही मोटार काढतात, वेळ बदलतात, मार्ग बदलतात. विजेच्या मोटारींनीही हे बदलत नाही. देशातला विजेच्या टॅक्सींचा पहिला मोठा ताफा मे २०१७ मध्ये नागपुरातच सुरू झाला. धुरासाठी तो चांगलाच प्रयत्न होता, पण विजेची मोटारही उभी राहायला तेवढीच साडेबारा चौरस मीटर जागा मागते, आणि तेवढ्या जागेत पाच-सहा दुचाकी राहतात.

तुमचा रस्ता १२ मीटरचा धरू. दोन्ही कडांना १.८ मीटरचे मोकळे फुटपाथ म्हणजे ३.६. तीन-तीन मीटरच्या दोन मार्गिका म्हणजे ६. उरले २.४ मीटर. हा पट्टा एका बाजूला ठेवा आणि त्यातच झाडे, विजेचे खांब, डीपी (वीजपुरवठ्याची पेटी), दुचाकींची जागा, ऑटोथांबा, चहाची टपरी, सगळे बसवा. दोन मार्गिकांतून शाळेची बस आणि अग्निशमन गाडी व्यवस्थित जाते. कोंडी ज्यामुळे होते ते दुहेरी-तिहेरी उभे राहणे मात्र शक्य होत नाही. १.८ मीटर हा इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेतला निवासी भागाचा किमान आकडा आहे. बाजाराच्या रस्त्याला २.५ मीटर मागा. ही 'मोकळी' रुंदी आहे. मधे खांब असेल तर खांबापासून मोजायची. भिंत ते कर्ब (फुटपाथची रस्त्याकडची दगडी कड) मोजून "आमचा फुटपाथ दोन मीटर आहे" असे सांगितले जाते, म्हणून टेप लावून फोटो काढा.

फुटपाथ फसण्याची कारणे बहुतेक ठिकाणी तीच असतात. कर्ब ३० सेंटीमीटर उंच बांधला की म्हातारी माणसे चढतच नाहीत. मार्गदर्शिकेत कमाल १५ सेंटीमीटर आहे. प्रत्येक फाटकासमोर फुटपाथ तोडून खाली आणला की चालणाऱ्याला दर दहा मीटरला चढउतार करावा लागतो आणि तो शेवटी डांबरावरून चालू लागतो. उतार फुटपाथच्या बाहेरच्या पट्ट्यात द्यायचा, चालण्याचा भाग सपाट ठेवायचा. गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवताना झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले जाते. दोन-चार पावसाळ्यांत मुळे गट्टू उचकटतात आणि मग दोष झाडाला मिळतो. बुंध्याभोवती निदान एक मीटर बाजूची उघडी माती सोडायला लावा. बोलार्ड (गाड्या अडवणारे आखूड खांब) लावले तर मधले अंतर १.२ मीटर हवे, नाहीतर चाकाची खुर्ची अडकते. त्यातून दुचाकी घुसतील, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय अंतर कमी करणे नाही, दुचाकींना पट्ट्यात खरी जागा देणे हा आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आधार इथे जरूर घ्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथचा हक्क अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तेही निवेदनात लिहा.

शाळेच्या दाराशी रस्ता ओलांडायला फुटपाथच्या उंचीला येणारा झेब्रा मागा. एरवी मिळतो तो आखूड, उंच, पाठ मोडणारा गतिरोधक. मार्गदर्शिकेतला गोल गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच असतो, आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आहे. उंचावलेल्या झेब्र्यात एकच मोठी चूक होते: पावसाचे पाणी अडते. कर्बलगत जाळीची नाली किंवा पाइप रेखाचित्रातच दाखवून घ्या, नाहीतर जुलैमधल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर लोकच तो फोडायला लावतील. चौकात सिग्नल असेल तर पादचारी हिरवा दिवा घड्याळ लावून तपासा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, त्यामुळे १४ मीटर ओलांडायला १२ सेकंद, आणि सुरुवातीचे ५ ते ७ सेकंद मिळून १७ ते १९. आजीसोबत दप्तर घेतलेले मूल असेल तर २२-२३ सेकंद मागा.

एक महिन्याचा प्रयोग

तुमच्या प्रश्नावर सगळ्यात उपयोगी कलम मोटार वाहन कायद्याचे ११५ आहे. सार्वजनिक सुरक्षेसाठी ठराविक रस्त्यावर ठराविक वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालण्याचा अधिकार त्यात आहे. नागपुरात असे आदेश वाहतूक शाखेचे पोलिस उपायुक्त काढतात. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून कायमची बंदी मागू नका. शाळेचे दिवस धरून चार आठवडे, भरताना ४५ मिनिटे आणि सुटताना ४५ मिनिटे, फाटकापासून दोन्ही बाजूंना दीडशे मीटरपर्यंत खासगी मोटारींना प्रवेश बंद, एवढेच मागा. रुग्णवाहिका, त्या तुकड्यातले रहिवासी, दिव्यांगांची वाहने आणि स्कूल बस यांना सूट. हा परत फिरवता येणारा निर्णय आहे, आणि अधिकाऱ्याला सही करायला धीर येतो तो त्याच कारणाने. पहिल्या टप्प्यात दुचाकी बंद करू नका. मुलांना एका कडेला उतरवून त्यांना पुढे जाऊ द्या. मोटारी हटल्यावर दुचाकींची कोंडी किती उरते ते आधी पाहा.

अर्जासोबत नकाशा द्या. त्यात मुलांना उतरवण्याच्या दोन जागा दाखवा, शाळेच्या दोन दिशांना एकेक, दीडशे-दोनशे मीटरवर, जिथून फाटकापर्यंत सलग चालता येईल. या जागा न ठरवता रस्ता बंद केला तर कोंडी शेजारच्या गल्लीत जाते आणि तिथले लोक दुसऱ्याच दिवशी निवेदन घेऊन उभे राहतात. प्रयोग पडण्याचे हे पहिले कारण. म्हणून त्या गल्लीतली दोन घरे सुरुवातीपासून तुमच्या समितीत घ्या, आणि गल्लीतही आधी व नंतर मोजणी करा. दुसरे कारण म्हणजे स्वयंसेवकांनी गाड्या अडवणे. तो अधिकार फक्त पोलिसांना आहे. तुमच्या माणसांनी चकाकणारे जॅकेट घालून मुलांना हात धरून आणायचे आणि वाहनचालकाला उतरवण्याची जागा दाखवायची, वाद झाला तर मागे सरायचे. पहिल्या तीन दिवसांत एखादी चिडलेली चित्रफीत मोबाइलवरच्या गटांवर फिरणारच, त्यावर उत्तरे देत बसू नका. दुसऱ्या आठवड्याचे आकडे तेवढे त्याच गटांवर टाका. तिसरे कारण स्कूल व्हॅन आणि ऑटोवाले. एका फेरीत सहा-आठ मुले आणणारे हे लोक तुमच्या बाजूचे आहेत, त्यांना मोटारींच्या रांगेत टाकू नका. फाटकाजवळची सगळ्यात सोयीची जागा त्यांना द्या.

वेळ निवडायची तर संक्रांतीनंतरचे चार आठवडे घ्या. हवा थंड असते, पाऊस नसतो, आणि परीक्षा सुरू व्हायच्या असतात. डिसेंबर टाळाच. अधिवेशन चालू असताना मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपासून विधानभवनापर्यंत मोर्चांचा बंदोबस्त असतो आणि वाहतूक शाखेकडे तुमच्यासाठी दोन शिपाईही उरत नाहीत.

दुकानदारांशी मात्र आधीच बोला. "गिऱ्हाईक मोटारीनेच येते" हा समज खोडायला भाषण कामाचे नाही. दुकानदाराकडून त्याच्या दहा गिऱ्हाइकांपैकी किती जण मोटारीने येतात त्याचा अंदाज लिहून घ्या, मग दाराबाहेर शंभर जणांना कसे आलात, किती खर्च केला, आठवड्यातून किती वेळा येता, हे विचारा आणि दोन्ही आकडे त्याच्यासमोर शेजारी ठेवा. पुण्यात लक्ष्मी रोडवर दरवर्षी ११ डिसेंबरला वाहने बंद ठेवून पादचारी दिन होतो, आणि दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. दोन्ही बाजारपेठाच आहेत. फेरीवाल्यांना शत्रू करू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या आहेत. कडेच्या पट्ट्यात त्यांची जागा आखून दिली तर तेच फुटपाथवर मोटार चढू देत नाहीत, आणि संध्याकाळी रस्त्यावर माणसांचा राबता राहिल्याने मुलीबाळींना चालायला धीर येतो.

बस

बसची मागणी याच मोहिमेत हवी, पण वेगळ्या कागदावर. 'आपली बस' महापालिकेच्या परिवहन विभागाकडे आहे. "बस वाढवा" याऐवजी हिशेब द्या. मार्ग १२ किलोमीटरचा, वेग ताशी १५ धरला तर एका बाजूला ४८ मिनिटे. दोन्ही टोकांना सहा-सहा मिनिटे थांबा धरला तर पूर्ण फेरी १०८ मिनिटांची. दर १५ मिनिटांनी बस हवी तर १०८ भागिले १५, म्हणजे ८ बस, आणि बिघाडासाठी एक राखीव. दर ३० मिनिटांना चारच पुरतात, पण अर्ध्या तासाच्या बसवर कोणी भरवसा ठेवून दुचाकी विकत नाही. वेग ताशी १५ वरून १८ झाला, तर फेरी ९२ मिनिटांवर येते आणि त्याच सेवेला सात बस पुरतात. थांब्याजवळचे मोटारींचे पार्किंग हटवणे हा म्हणून बस विकत घेण्याइतकाच खरा उपाय आहे, आणि त्याला फक्त रंग आणि शिपाई लागतो. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या दोन्ही मेट्रो मार्गिका सीताबर्डीला मिळतात. तुमच्या भागातून जवळच्या स्थानकापर्यंत आडवी बस मागा, बर्डीपर्यंत मेट्रोला समांतर मागू नका. थांब्यावर सावली, बसायला जागा आणि वेळापत्रक या तीन गोष्टी त्याच पत्रात लिहा.

कागद कधी, कुणाकडे

महापालिकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, पण अंदाजपत्रकातल्या कामांची जुळवाजुळव त्याआधी काही महिने सुरू असते. फेब्रुवारीत दिलेले निवेदन त्या अंदाजपत्रकात बसत नाही, ते आणखी एक वर्ष पुढे जाते. मोजणी ऑगस्टमध्ये, निवेदन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोनला आणि आयुक्तांना, असा क्रम ठेवा. नगरसेवकाला तेच निवेदन द्या, पण त्याला त्याच्या प्रभागातल्या पालकांच्या सह्या वेगळ्या काढून द्या. हिवाळी अधिवेशनात आमदारांना प्रश्न विचारायला लावायचा असेल तर मसुदा दिवाळीच्या आसपास त्यांच्या हातात पडला पाहिजे, कारण प्रश्नांच्या मुदती अधिवेशन भरण्याआधीच संपतात. प्रत्येक निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. पोच नसलेले निवेदन दिलेच नव्हते असे समजा. महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात तक्रार लावायची तर अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

अपघातांची माहिती त्या हद्दीच्या पोलिस ठाण्याकडून आणि वाहतूक शाखेकडून मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीला तीच द्या. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ खाली रस्त्याची जबाबदार यंत्रणा आणि कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हे कलम धमकीसारखे वापरू नका. "फाटकासमोर वेग ताशी अमुक मोजला, ओलांडायला सोय नाही, ही बाब आम्ही लेखी निदर्शनास आणत आहोत" एवढे एक वाक्य शिक्क्यासह फाइलमध्ये असले की अभियंत्यालाच वरिष्ठांकडे फाइल न्यावीशी वाटते.

उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ जवळ आहे म्हणून पहिल्या महिन्यात याचिकेकडे धावू नका. याचिकेने झाडे तोडणे थांबू शकते आणि नोटिशीशिवाय कुऱ्हाड चालणार असेल तर थांबवावेच. पण न्यायालय तुम्हाला फुटपाथची रचना करून देत नाही, आणि प्रकरण न्यायप्रविष्ट झाले की झोनमधला अभियंता तुमच्याशी बोलायचे बंद करतो.

प्रयोग यशस्वी झाला आणि काम मंजूर झाले, तर कार्यादेशासोबतचे रेखाचित्र मागून घ्या आणि काम सुरू होण्याच्या दिवशी टेप घेऊन हजर राहा. कर्बची पहिली ओळ आखली जाते तेव्हाच १.८ चे १.४ होते, आणि काँक्रीट सुकल्यावर ते कोणी मागे सरकवत नाही.